पासबुकांचा रविवार

मार्चचा शेवटचा रविवार आला की चौबळांच्या घरी सणासारखी गडबड असे, आणि हा सण कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसे. नाना चौबळ पनवेलच्या पोस्टात हयात घालवून निवृत्त झाले, आणि जाताना मुलांना ना जमीन देऊन गेले ना सोनं. दिला तो हा रविवार. त्या दिवशी सगळी भावंडं लाइन आळीतल्या दोन खोल्यांत जमायची, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी खायची आणि जेवण झालं की पत्र्याचा डबा उघडून प्रत्येकाचं पीपीएफचं पासबुक बाहेर काढायचं. वर्षाची रक्कम किती भरायची ते ठरायचं, चेक लिहिले जायचे आणि सोमवारी बाळूराव ते सगळे घेऊन पोस्टात जायचे. आजोबांच्या वेळच्या जप्तीत घरातली तांब्याची घागरसुद्धा गेली होती. ती वरात नानांनी सात वर्षांचे असताना उंबऱ्यात उभं राहून पाहिली होती. म्हणून ज्या पैशाला कर लागत नाही आणि कोर्टाची जप्तीही लागत नाही, अशा खात्यावर त्यांची देवाइतकी श्रद्धा बसली, यात नवल नव्हतं.

नानांचे नियम दोनच होते. लग्न झालं की नवरा-बायकोचे पगार एकाच जॉइंट खात्यात जायचे. आणि त्या खात्यातून बायकोचं पीपीएफ नवऱ्यानं भरायचं. ‘तिचं तिनं भरलं तर ती बचत, नवऱ्यानं भरलं तर तो संसार,’ असं नाना म्हणायचे. नाना जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे वाक्य घरात अजून सगळ्यांच्या आधी पाटावर बसत असे.

यंदाच्या रविवारी मात्र घर सकाळपासून घुमं होतं. कुमुद स्वयंपाकघरात कोमट पाण्यात भिजलेले सोडे निवडत होती. समोर तिची थोरली नणंद सत्यवती खोबरं खवत बसली होती. ती पेणहून पहिल्या एसटीने आली होती, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विषय काढला होता. विषय अर्थात आभाचा. आभा म्हणजे धाकट्या सुशांतची बायको. वाशीच्या एका बँकेत नोकरीला होती, लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि जॉइंट खात्याच्या फॉर्मवर तिची सही अजून व्हायची होती. घरखर्चाला ती दर महिन्याला निम्मा वाटा न मागता आणून द्यायची. पण पगार तिच्या खात्यात, आणि पीपीएफही तिचं तीच भरणार.

“तू तिला सांग,” सत्यवती म्हणाली. “माझं ऐकायची नाही. तू सुशांतला पोटच्या पोरासारखा वाढवलास, तुझा मान ठेवेल ती. पंधरा वर्षं तू कधी वेगळी चूल केलीस का? पगाराचं पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाहीस.”

कुमुदने मान हलवली आणि एक सोडा उगाच दोनदा धुतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

हे सोडे करंजाचे होते. दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस नगरपालिकेतल्या पाणीपट्टीच्या टेबलावरून रजा घेऊन कुमुद एकटी करंजाला जायची. बंदरावरच्या बायकांकडून वाळवलेले, निवडक सोडे घासाघीस करून आणायची. पनवेलच्या बाजारात काय सोडे मिळत नाहीत, असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, करंजाची चव नाही येत. ते खरंच होतं. पण परतताना ती उरणला उतरायची, हे कुणाला माहीत नव्हतं.

उरण तिचं माहेर. आई-वडील कधीच गेले होते, घर विकलं गेलं होतं, भाऊ बडोद्याला. पण उरणच्या बँकेत तिचं एक खातं होतं. लग्नाआधी सहा महिने, पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून उघडलेलं. तेही पीपीएफचंच. नाव होतं कुमारी सुनंदा गुप्ते. खातं जिवंत ठेवायला वर्षाला शंभर रुपये पुरायचे, आणि भाऊबीजेला भावाची जी मनीऑर्डर यायची त्यातली शंभराची नोट ती तांदळाच्या डब्यात मार्चपर्यंत जपून ठेवायची. मनीऑर्डरीवर भावालाही ‘सौ. कुमुद चौबळ’ असंच लिहावं लागे, नाहीतर पोस्टमन ती परत न्यायचा. बँकेत काशिराम नावाचा म्हातारा शिपाई होता. पासबुकं गोळा करून तो एकेकाचं नाव पुकारायचा. “सुनंदा गुप्ते हाय का, सुनंदा गुप्ते?” आणि कुमुद बाकावरून उठायची. काशिराम पासबुक हातात देताना दरवर्षी एकच वाक्य बोलायचा, “वरीस झालं ना बाय.” तेवढ्यासाठी ती जायची. पैशाचा त्यात काही संबंध नव्हता, असं तिला पंधरा वर्षं वाटत आलं होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर बाळूरावांनी अंगठीने ‘कुमुद’ लिहिलं, आणि पुढच्या मार्चमध्ये नानांनी पोस्टातला छापील फॉर्म पुढे केला. ‘इथं सही कर सूनबाई,’ म्हणाले. फॉर्म इंग्रजीत होता, सूनबाई नवीन होती आणि नव्या नावाची सही तिने आठवडाभर वहीत गिरवली होती, ती चांगली आली याचाच तिला आनंद झाला होता. फॉर्मवर ‘माझं दुसरं खातं नाही’ असं एक वाक्य होतं, ते तिने वाचलंही नाही.

ते तिला आभाने सांगितलं, गेल्या श्रावणात. उघडीप पाहून डाळींचे डबे उन्हात घालताना तांदळाच्या डब्यातून पासबुक निघालं आणि आभाच्या हाती लागलं. आभाने पहिलं पान वाचलं, कुमुदकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात सगळं समजावलं. एका माणसाला एकच पीपीएफ. दुसरं सापडलं तर त्यात भरलेले पैसे तेवढे परत मिळतात, व्याज एक पैसाही नाही. आणि दुसरं म्हणजे तारखेनं जे नंतरचं ते. म्हणजे उरणचं शंभर-शंभर रुपयांचं खातं खरं, आणि नानांनी उघडलेलं, बाळूरावांनी पंधरा वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेलं पोस्टातलं खातं खोटं. नावं वेगळी होती म्हणून आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, एवढंच. दोन्ही खात्यांची मुदत यंदा एक एप्रिललाच संपत होती.

“मी कुणाला सांगणार नाही वहिनी,” आभा तेव्हा म्हणाली होती. “तुम्ही ठरवा.”

कुमुदने सात महिने काहीच ठरवलं नव्हतं.

जेवणं झाली. खिचडी दरवर्षीसारखीच झाली होती, पण वाहवा करायला कुणी तोंड उघडलं नाही. कुमुदच्या मुलीला दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला पाठवलं होतं. बाळूरावांनी सतरंजी अंथरली, चष्मा लावला आणि डबा उघडला. रसायनीच्या कारखान्यात ते हिशेबनीस होते. वय चव्वेचाळीस, केस पिकलेले, तरी घरात अजून सगळ्यांचे बाळूच. आपला आनंद लपवायची कला त्यांना कधीच साधली नव्हती. त्यांनी कुमुदचं पासबुक सगळ्यात वर ठेवलं.

“हे यंदा पिकलं,” ते म्हणाले. “भरले पासष्ट हजार, आणि येणार दीड लाखाच्या घरात.” मग सुशांतकडे पाहून म्हणाले, “सुकापूरच्या फ्लॅटचं बुकिंग यातून. नानांची पुण्याई समज.”

सुकापूरला नवी इमारत उठत होती. दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा. लाइन आळीत मधल्या दाराला चादर लावून पाच माणसं झोपत होती, आणि सुशांत-आभा गेले वर्षभर एकमेकांशी कुजबुजूनच बोलत होते. त्या बुकिंगवर सगळ्या घराचा जीव टांगला होता. दहा एप्रिलच्या आत पैसे भरायचे होते.

मग मधला भाऊ विश्वजीत खाकरला. तो नवीन पनवेलला राहायचा आणि विम्याची कामं करायचा. जन्मात कधी त्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं झालं नव्हतं. त्याने खिशातून जॉइंट खात्याचा कोरा फॉर्म काढून आभाच्या पुढ्यात ठेवला. दादा वहिनींच्या नावचा पैसा तुमच्या घरासाठी देतोय, म्हणाला, मग तुझा पगार एवढा सोवळ्यात का? आभाने सरळ सांगितलं की ती निम्मा खर्च देते, सुशांतचं तो भरेल, तिचं ती भरेल, यात कुणाचा अपमान नाही. सुशांत तिच्या बाजूने काहीतरी बोलू गेला, पण विश्वजीतने त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरवून गप्प केलं. सत्यवतीनेही री ओढली. विश्वजीतची बायको चारुता ताकाचे पेले गोळा करत होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही, ती कधीच घेत नसे.

“या घरात कुठल्या सुनेनं आजवर वेगळं खातं ठेवलेलं नाही,” विश्वजीत म्हणाला. “वहिनी इथंच बसल्यात. विचार त्यांना.”

सगळ्यांनी कुमुदकडे पाहिलं. एक आभा सोडून. आभा सतरंजीच्या रेघांकडे पाहत बसली होती, कान लाल झाले होते. एका वाक्यात तिला जिंकता आलं असतं. जो दाखला तिच्या डोक्यावर हाणला जात होता, तोच उचलून परत मारता आला असता. पण ती ओठ आवळून बसली होती, आणि फॉर्मचा कोपरा दुमडून पुन्हा सरळ करत होती. सव्वीस वर्षांची पोर कुमुदसाठी बोलणी खात होती. आपण हिच्याआड दडून बसलो आहोत, याची तिला लाज वाटली. आजवर लाज वाटायची ती खात्याची. ही वेगळी होती.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पासबुक आणून बाळूरावांच्या पुढ्यात ठेवलं. त्याला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

“मी ठेवलंय,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधीपासून.”

बाळूरावांनी पासबुक उघडलं. पंधरा वर्षं, वर्षाला शंभर, आणि त्यावर चढलेलं व्याज. त्यांनी पहिल्या पानावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढून सदऱ्याऐवजी सतरंजीलाच पुसायला लागले, इतके ते गोंधळले. कुमुदने बाकीचंही सांगून टाकलं. एका माणसाला एकच खातं, आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, आणि व्याज कुणाचं जाणार. सांगताना तिचा आवाज पाणीपट्टीच्या टेबलावर असतो तसा सपाट राहिला.

पहिल्यांदा उठला तो विश्वजीतच. त्याने जाऊन दार लावलं. मग बसला आणि फारच गोड आवाजात बोलू लागला. नावं दोन, गावं दोन, एक बँकेत, एक पोस्टात. कोण कुठे ताडून पाहतंय? एकतीस तारीख जाऊ द्या, दोन्हीकडचे पैसे घ्या, उरणचं पासबुक चुलीत घाला. “झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी,” तो म्हणाला. “ही तर दीड लाखाची आहे.”

वेगळं खातं ठेवणं हे पाप, हे सांगायला आलेला माणूस पाच मिनिटांत ते लपवायची वाट दाखवायला लागला होता. सुशांतला भर प्रसंगात हसू आलं. सत्यवतीला नाही.

“पोस्टात?” ती म्हणाली. “नानांच्या पोस्टात खोटी सही करून पैसे आणायचे? अरे, कुणाच्या पाकिटाला चार आण्याचं तिकीट जास्त लागलं तर ते रात्री पैसे परत द्यायला जायचे.” मग ती कुमुदकडे वळली, आणि तिचा चेहरा कठोर झाला. “पण तू का केलंस गं हे? काय कमी केलं आम्ही तुला?”

कुमुदला या प्रश्नाचं उत्तर पंधरा वर्षं माहीत होतं. पण ते मोठ्याने बोलायचं तर शब्द लहान वाटत होते.

“काही कमी केलं नाही वन्सं. तुमच्याबद्दल तक्रार नाही माझी. आई गेली, अप्पा गेले. भाऊ ताई म्हणतो. सुनंदा म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. त्या बँकेत वर्षातून एकदा पुकारतात. मी ती ऐकायला जात होते.” तिने पदराने तोंड पुसलं. “शंभर रुपयांत तेवढं मिळत होतं. त्याची किंमत एवढी होईल हे मला ठाऊक नव्हतं.”

ताकाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“मी शैला होते,” चारुता म्हणाली. विश्वजीतने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बारा वर्षांच्या संसारात ती आत्ताच बोलली होती. ती पेले घेऊन आत निघून गेली.

कुमुद हे नाव सत्यवतीनेच सुचवलं होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीचं, तिचं आवडतं. भावाच्या बायकोला आपण काहीतरी छान दिलं, याचा तिला इतकी वर्षं अभिमान होता. “मला वाटलं होतं, तुला आवडलं,” ती एवढंच म्हणाली. कुमुद म्हणाली, आवडलंच होतं. तेही खरं होतं. मग सत्यवतीने हात लांब करून आभाच्या पुढ्यातला फॉर्म उचलला, त्याची चार बोटांएवढी घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकली. त्यावर कुणी चर्चा केली नाही.

आता सगळं बाळूरावांवर आलं होतं. ते अजून पासबुकच पाहत होते. कुमुदला त्यांच्या रागाची भीती नव्हती, त्यांना राग जमतच नसे. भीती होती ती त्यांच्या गप्प बसण्याची. पंधरा वर्षं त्यांनी नवा सदरा दिवाळीलाच शिवला, सायकल विकून पुन्हा सायकलच घेतली आणि मार्च आला की तिच्या नावावर भरले. त्यातला निम्मा पगार तिचाच होता हे खरं, पण भरताना होणारा आनंद त्यांचा होता. तो आज तिने त्यांच्या हातून काढून घेतला होता.

“बुकिंग जाईल, पासष्ट हजारांत ते होत नाही,” ते शेवटी म्हणाले. सुशांतकडे नाही, आभाकडे पाहून म्हणाले.

“जाऊ दे दादा,” आभा म्हणाली. “आमचे दोघांचे मिळून दोन वर्षांत जमतील. तोवर चादर आहेच.”

सुशांतने मान डोलावली. त्याचं तोंड उतरलं होतं, ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. घर खरंच जात होतं, आणि ते कुणी गोड करून सांगितलं नाही.

बाळूरावांनी कपाटातून फुलस्केप कागद काढला. पोस्टमास्तरांना अर्ज लिहायला बसले. अर्ज लिहिताना त्यांचा हात नेहमी नानांसारखा चाले, ठळक आणि उजवीकडे झुकलेला. आपल्या पत्नीची दोन खाती असल्याचं नजरचुकीने आजवर कळवायचं राहिलं, तरी नियमाप्रमाणे होईल ते मान्य आहे, असं त्यांनी लिहिलं. ‘नजरचुकीने’वर ते क्षणभर थांबले, आणि तो शब्द तसाच ठेवला. कुमुद त्यांच्या मागे उभी राहून वाचत होती.

“लग्नाची पत्रिका हातात आली तेव्हा कितीदा तरी पाहत बसलो होतो मी,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “त्यावर होतं हे नाव. मग तांदळात दुसरं लिहिलं, आणि मला कधी आठवलंच नाही गं. एकदाही नाही.”

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. पोस्टासाठी एक सही नव्या नावाची हवी होती, आणि उरणच्या बँकेसाठी दुसरी, जुन्या नावाची. पहिली कुमुदने नेहमीसारखी झरझर केली. पाणीपट्टीच्या पावत्यांवर दिवसातून शंभरदा होणारी सही, अर्धी अक्षरं गिळलेली. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून ती जरा थांबली. मग सावकाश लिहिलं. बँकेत नमुन्याची सही जुळावी लागते, म्हणून वर्षानुवर्षं ती तशीच जपावी लागली होती. गोल, सुटी अक्षरं, आणि ‘नं’वरचं टिंब नीट मध्यावर.

बाळूरावांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“हे तुझं अक्षर?”

“हो.”

“मी कधी पाहिलंच नाही असं.” ते पुन्हा पाहत राहिले. “लहान मुलीचं वाटतं.”

“बावीस वर्षांची होते,” कुमुद म्हणाली. “ती तिथंच राहिली.”

बाळूरावांनी शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरला. मग पत्र्याच्या डब्यात सगळी पासबुकं एकेक करून ठेवली, आणि उरणचं, तांदळाचे दाणे न झटकता, सगळ्यांच्या वर ठेवलं.

“उरणचं खातं पाच वर्षं वाढवून घे. पुढच्या मार्चात सोडे आणायला जाशील,” झाकण लावता लावता ते म्हणाले, “तेव्हा मीही येतो. तुला कसं पुकारतात ते ऐकायचंय.”